शपथ कुणाच्या नावाने?

३ ऑगस्ट १८८१ रोजी लंडनच्या पार्लमेंटमधून एका धिप्पाड माणसाला पोलिसांनी आणि द्वाररक्षकांनी खेचत बाहेर काढले. झटापटीत त्याचा कोट फाटला. त्याने काही चोरले नव्हते, कुणावर हात उगारला नव्हता. नॉर्दॅम्प्टन गावच्या मतदारांनी त्याला निवडून दिले होते आणि तो आपल्या जागेवर बसायला आला होता. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. त्याचा दोष एवढाच, की देव नाही असे तो उघडपणे म्हणत असे.

हे प्रकरण आदल्या वर्षी सुरू झाले होते. १८८०च्या निवडणुकीत जिंकल्यावर ब्रॅडलॉने विनंती केली, की मला देवाला स्मरून शपथ घ्यायला लावू नका, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू द्या. न्यायालयात नास्तिक साक्षीदाराला अशी मुभा दहाएक वर्षांपूर्वीच मिळाली होती. तीच पार्लमेंटातही मिळावी, इतकेच त्याचे म्हणणे होते. सभागृहाने नकार दिला. मग तो म्हणाला, ठीक आहे, ठरलेली शपथ घेतो. तिच्यातल्या काही शब्दांना माझ्या लेखी अर्थ नसला तरी दिलेले वचन मी पाळीन. तेही सभागृहाने मानले नाही. देव न मानणाऱ्याने देवाची शपथ घेणे हा शपथेचा अपमान, असे बहुमताचे मत पडले. म्हणजे प्रतिज्ञा करू द्यायची नाही आणि शपथही घेऊ द्यायची नाही. जून महिन्यात तर त्याला एक रात्र पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवले. जागा रिकामी ठरवली की पोटनिवडणूक होई आणि नॉर्दॅम्प्टनचे लोक पुन्हा त्यालाच निवडून देत. १८८१, १८८२, १८८४, आणि १८८५ची सार्वत्रिक निवडणूक, असे हे चालले. त्या मतदारांत चर्चला जाणारे पुष्कळ होते. आपला प्रतिनिधी आपण निवडू, त्याच्या मनात देव आहे की नाही याची झडती सरकारने घेऊ नये, हे त्यांना कळले होते. धर्मनिरपेक्षतेच्या इतिहासात या मतदारांचे नाव फारसे कुणी घेत नाही. माझ्या मते ते ब्रॅडलॉइतक्याच मानाचे धनी आहेत.

शपथेवरून एवढे रणकंदन का व्हावे, हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. १६८९ साली जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचे धार्मिक सहिष्णुतेवरचे प्रसिद्ध पत्र छापले गेले. राज्याचे काम माणसाच्या ऐहिक हिताचे रक्षण करणे हे आहे, आत्म्याच्या उद्धाराचे नव्हे, असे त्यात त्याने ठामपणे मांडले. ज्यू आणि मुसलमान यांनाही त्यांच्या धर्मापायी नागरी हक्कांतून वगळू नये, इथपर्यंत तो गेला. नास्तिकांपाशी येऊन मात्र थांबला. वचन, करार, शपथ हे समाजाला बांधून ठेवणारे धागे आहेत आणि ज्याला देवाचे भय नाही त्याला यांतला एकही धागा बांधू शकत नाही, म्हणून नास्तिक सहन करण्याजोगा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आधुनिक उदारमतवादाच्या पहिल्या मोठ्या दस्तऐवजातच नास्तिकाला दाराबाहेर ठेवले गेले. पुढच्या दोन शतकांत इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांना प्रतिज्ञेची सवलत मिळाली, १८५८ साली पहिला ज्यू सभासद पार्लमेंटात बसला. दार एकेका धर्मासाठी उघडत गेले. पण दर वेळी ते कुठल्या ना कुठल्या देव मानणाऱ्यासाठी उघडत होते.

म्हणूनच धर्मनिरपेक्षतेची कसोटी मला नास्तिकापाशी लागते असे वाटते. दोन बलवान धर्म एकमेकांशी तह करून शांततेने राहू शकतात. त्याला सहिष्णुता म्हणता येईल. ज्याच्या पाठीशी धर्मगुरू नाही, सण नाही, मिरवणूक नाही, मतपेढी नाही, अशा एकट्या माणसाला राज्य पूर्ण नागरिक मानते का, हा प्रश्न विचारला की खरे काय ते कळते.

आज आपण ज्याला सेक्युलॅरिझम म्हणतो त्याला ते इंग्रजी नाव देणारा माणूसही या कसोटीतून गेला होता. जॉर्ज जेकब होलिओक हा बर्मिंगहॅमच्या कामगार घरातला मुलगा. १८४२च्या मे महिन्यात चेल्टनहॅम इथे त्याचे व्याख्यान झाले. विषय होता कष्टकऱ्यांच्या सहकारी वसाहती. श्रोत्यांतून कुणीतरी विचारले, तुमच्या या योजनेत माणसाच्या देवाविषयीच्या कर्तव्याला जागा कुठे आहे? होलिओकने उत्तर दिले, की देशावर आधीच कर्जाचा बोजा आहे, लोक इतके गरीब आहेत की त्यांना देव परवडत नाही. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर ठेवतात तसे देवालाही ठेवावे. या उत्तराबद्दल धर्मनिंदेचा खटला झाला आणि सहा महिन्यांची कैद झाली. तो तुरुंगात असताना त्याची लहान मुलगी वारली.

मराठी वाचकाला इथे डॉ. श्रीराम लागू आठवतील. त्यांनी ‘देवाला रिटायर करा’ असे म्हटले तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. पण कुणी त्यांना त्यासाठी तुरुंगात टाकले नाही, त्यांच्या नाटकांना जाणारे भाविक प्रेक्षक जातच राहिले. चेल्टनहॅम आणि मुंबई यांच्यामधल्या दीडशे वर्षांत काहीतरी मोलाचे घडले होते.

तुरुंगातून सुटलेला होलिओक कडवट होऊन धर्माचा वैरी झाला असता तर नवल नव्हते. तसे झाले नाही. १८५१च्या सुमारास त्याने आपली नवी भूमिका मांडली, ती अशी: माणसाचे या जगातले जगणे सुधारायचे असेल तर ते या जगातल्या साधनांनी, अनुभवाने आणि विज्ञानाने सुधारावे, परलोक आहे की नाही यावर भांडत बसू नये, आणि या कामात आस्तिकालाही सोबत घ्यावे. ब्रॅडलॉला हे पटत नसे. १८७० साली लंडनमध्ये दोघांचा या विषयावर दोन रात्री जाहीर वाद झाला. ब्रॅडलॉचे म्हणणे, की हा विचार शेवटपर्यंत नेला तर माणूस निरीश्वरवादापाशीच पोचतो. होलिओकचे म्हणणे, की निरीश्वरवाद हे एखाद्याचे व्यक्तिगत मत असू शकते, पण ती या विचाराची प्रवेश फी नव्हे.

दीडशे वर्षांनंतरही हा वाद आपल्याकडे रोज होतो, फक्त वादी-प्रतिवादींना त्याचे मूळ माहीत नसते. धर्मनिरपेक्ष म्हणजे धर्म न मानणारा, असे गृहीत धरून एक बाजू धर्मनिरपेक्षतेवर तुटून पडते. तेच गृहीत धरून काही नास्तिक तिच्यावर आपली मालकी सांगतात. दोघेही चुकतात. निरीश्वरवाद हे जगाविषयीचे मत आहे. धर्मनिरपेक्षता ही राज्याने कसे वागावे याची शिस्त आहे. माणूस नास्तिक असेल किंवा आस्तिक. राज्य यांपैकी काहीच असू शकत नाही, असू नये. या मुद्द्यावर मी होलिओकच्या बाजूचा आहे, आणि गंमत नव्हे तर इतिहास असा, की ब्रॅडलॉचा पार्लमेंटातला लढा होलिओकचेच म्हणणे खरे करून गेला. १८८६च्या जानेवारीत नव्या पार्लमेंटच्या सभापतींनी कुणाचाही आक्षेप ऐकून न घेता त्याला शपथ घेऊ दिली. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्याने स्वतः मांडलेला शपथविषयक कायदा संमत झाला आणि ज्याला देवाची शपथ नको त्याला प्रतिज्ञेचा हक्क मिळाला. त्या कायद्याने इंग्लंडमधला एकही आस्तिक नास्तिक झाला नाही. ज्याला शपथ हवी तो शपथ घेत राहिला.

हा ब्रॅडलॉ १८८९च्या डिसेंबरमध्ये मुंबईला आला होता, काँग्रेसच्या अधिवेशनासाठी. पार्लमेंटात तो हिंदुस्थानचे प्रश्न इतक्या तळमळीने मांडी की त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणत. १८९१च्या आरंभी तो वारला तेव्हा लंडनमध्ये शिकणारा एक गुजराती तरुण त्याच्या अंत्यविधीला गेला. त्याचे नाव मोहनदास गांधी. आत्मचरित्रात गांधींनी ही आठवण नोंदवली आहे. आपल्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला निरोप द्यायला जाताना त्याचा देव कोणता हे त्यांनी विचारले नाही.

त्याच काळात पुण्यात गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारक’ चालवत होते. देवाधर्माविषयीची त्यांची मते इतकी परखड, की सनातन्यांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली. पण हेच आगरकर १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या वर्गात बसणारी मुले बहुतेक सोवळ्याओवळ्याच्या घरांतली. शिक्षकाने काय शिकवले हे पाहायचे, तो संध्याकाळी दिवा लावून हात जोडतो की नाही हे पाहायचे नाही, एवढी समज त्या संस्थेने दाखवली होती.

आता आपल्या संविधानाकडे येऊ. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा सुरू झाली तेव्हा हरि विष्णू कामथ यांनी सुधारणा मांडली, की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. सभेत बहुसंख्य आस्तिक होते. देवाला मताला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. आसामच्या रोहिणी कुमार चौधरींना ईश्वराबरोबर देवीचेही नाव हवे होते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला तो नास्तिक म्हणून नव्हे. ज्या संविधानात प्रत्येकाला विचार, श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य द्यायचे आहे, त्याच्या पहिल्याच ओळीत एका श्रद्धेची सक्ती करणे विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कामथांनी मतदानाचा आग्रह धरला. सुधारणेच्या बाजूने ४१ मते पडली, विरुद्ध ६८. देवावर श्रद्धा असलेल्या माणसांनी, देवावर श्रद्धा नसलेल्या नागरिकासाठी, देवाचे नाव संविधानाच्या माथ्यावर लिहायचे नाही असे ठरवले. भारतीय धर्मनिरपेक्षतेचा जन्मदाखला शोधायचा तर मी १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवणार नाही. तेव्हा उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घातला गेला. वस्तू त्या ४१ विरुद्ध ६८ मध्ये आधीच होती.

आणि शपथ? तिथे संविधानकर्त्यांनी ब्रॅडलॉच्या सहा वर्षांच्या छळाचे उत्तर एका तिरक्या रेघेने दिले. राष्ट्रपतींपासून आमदारापर्यंत प्रत्येकाच्या शपथेच्या नमुन्यात दोन पर्याय आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. दोन्हींची किंमत सारखी. जवाहरलाल नेहरूंनी दुसरा पर्याय वापरला. न्यायालयातल्या साक्षीदारालाही १९६९च्या शपथ अधिनियमाने हाच विकल्प दिला आहे. चित्रपटांत साक्षीदार गीतेवर हात ठेवताना दिसतो, त्यामुळे अनेकांना तसा कायदा आहे असे वाटते. या अधिनियमातल्या शपथेच्या नमुन्यात कुठल्याही ग्रंथाचे नाव नाही.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. त्याला आपण धर्मस्वातंत्र्याचे कलम म्हणतो, पण त्यात पहिल्यांदा सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते आणि मग धर्म मानण्याचे, आचरण्याचे, प्रसार करण्याचे. धर्म न मानणाऱ्याची जागा तिथे पहिल्याच शब्दात आहे. त्यासाठी त्याला वेगळी विनंती करावी लागत नाही. सत्ताविसावा अनुच्छेद सांगतो, की कुठल्याही एका धर्माच्या संवर्धनासाठी कुणावर कर लादता येणार नाही. अठ्ठाविसावा सांगतो, की पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला कुणाला जबरदस्तीने बसवता येणार नाही.

कागदावरचे हे शब्द महाराष्ट्रात दोनदा तपासले गेले, आणि दोन्ही निकाल प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवेत. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी शिस्तीत उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यांना वरची वेतनश्रेणी नाकारण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला: प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करता येत नाही आणि तसे न केल्याबद्दल शिक्षा देता येत नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले. शासनाच्या कुठल्याही कार्यालयाने धर्म विचारला तर ‘मी कोणत्याही धर्माचा नाही’ असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. या खटल्यातले अर्जदार नास्तिक नव्हते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ते येशू ख्रिस्ताला मानणारे होते, पण आपल्या श्रद्धेला ‘धर्म’ हे लेबल लावायला त्यांची तयारी नव्हती. नास्तिकाच्या हक्काचा सर्वांत भक्कम निकाल भाविकांनी मिळवून दिला. नास्तिकासाठी रुंद केलेल्या वाटेने असे इतरही पुष्कळ जण जातात.

भारतात नास्तिक बाहेरून आलेला नाही, हेही ध्यानात असू द्यावे. चार्वाक सोडाच, सांख्य आणि पूर्वमीमांसा ही वैदिक परंपरेतली दर्शनेसुद्धा जगाचा कर्ता ईश्वर गृहीत न धरता उभी आहेत. जैन आणि बौद्ध परंपरांत सृष्टिकर्ता देव नाही. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्म म्हणजे काय याचा विचार करताना याच दोन परंपरांचा दाखला दिला आणि धर्माला देव लागतोच असे नाही, असे मानले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा देताना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या समाजाने देवाला नकार देऊन धर्म स्वीकारला. आस्तिक-नास्तिक ही रेघ आणि धार्मिक-अधार्मिक ही रेघ आपल्याकडे एकमेकींवर नीट बसत नाहीत.

नास्तिकता आणि धर्मनिरपेक्षता यांचाही मेळ आपोआप बसत नाही. विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आजही वाचणाऱ्याला चकित करतात. गाय उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे ते रोखठोक सांगतात. पण राष्ट्र कुणाचे या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले ते पितृभू आणि पुण्यभू, म्हणजे पूर्वजांची भूमी आणि धर्माची पवित्र भूमी, दोन्ही इथेच असाव्यात या कसोटीने. पोथी बाजूला ठेवणारा माणूस धर्माच्या आधारे नागरिकांत भेद करू शकतो. आणि उलट, दिवसातून दोनदा प्रार्थना करणारे गांधी राज्याला धर्म नसावा असे म्हणू शकतात.

राज्यानेच नास्तिक व्हायचे ठरवले तर काय होते, तेही विसाव्या शतकाने पाहिले. सोव्हिएत रशियात १९२५ साली लढाऊ निरीश्वरवाद्यांचा संघ निघाला. १९३१च्या डिसेंबरात मॉस्कोचे सर्वांत मोठे चर्च सुरुंग लावून उडवण्यात आले. अल्बानियाने १९६७ मध्ये सगळ्या मशिदी आणि चर्चे बंद केली आणि स्वतःला जगातले पहिले नास्तिक राष्ट्र म्हणवले. घरात गुपचूप प्रार्थना करणाऱ्याला तिथे शिक्षा होई. ब्रॅडलॉच्या छळात आणि या छळात तत्त्वतः काडीचा फरक नाही. दोन्हीकडे सरकार माणसाच्या मनात शिरून आत कोण बसले आहे ते पाहू लागते. जो नास्तिक अल्बानियाचे समर्थन करील त्याला ब्रॅडलॉसाठी अश्रू ढाळण्याचा अधिकार नाही.

आपल्याकडे याहून निराळी वाट चालून दाखवणारी माणसे झाली, आणि त्यांतली एक वाट वर्ध्याजवळच्या सेवाग्रामातून जाते. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना सगळे ‘गोरा’ म्हणत, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नास्तिक मतांपायी त्यांच्या कॉलेजातल्या नोकऱ्या गेल्या. ते खेड्यात जाऊन अस्पृश्यता निवारणाचे काम करू लागले. नास्तिकतेमुळे माणसे एका पंगतीला बसतात, असा त्यांचा अनुभव होता. १९४४ साली ते सेवाग्रामला गांधींना भेटले आणि त्यांच्यात दीर्घ बोलणी झाली. कुणी कुणाला बदलले नाही. पण गोरांच्या मुलीचे लग्न एका दलित तरुणाशी ठरले तेव्हा ते आश्रमात लावून देण्याचे गांधींनी कबूल केले, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले. लग्नाआधी गांधींचा खून झाला. मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामातच, ठरल्याप्रमाणे लागले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते. ते त्यांनी लपवले नाही. पण १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करताना त्यांनी देव-धर्माबाबत समितीची भूमिका तटस्थ ठेवली. समितीत वारीला जाणारे कार्यकर्ते होते, आहेत. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले. हा कायदा धर्मावर घाला आहे असा प्रचार झाला. प्रत्यक्षात त्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही. नरबळी, अघोरी उपचार, अंगात येण्याच्या नावाखाली होणारी फसवणूक आणि छळ यांना शिक्षा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. चारच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. एका नास्तिकाने मागितलेल्या या कायद्याने सर्वाधिक संरक्षण कुणाला मिळते? भोंदूबाबाच्या तावडीत सापडलेल्या भाविकाला.

इतके सगळे असूनही नास्तिकाला आपल्या व्यवस्थेत पूर्ण जागा मिळाली आहे, असे मी म्हणू शकत नाही. आपले कुटुंबविषयक कायदे धर्मानुसार आहेत आणि धर्म सोडला तरी ते माणसाला सोडत नाहीत. हिंदू वारसा कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू नसलेल्या जवळजवळ सर्वांना लागू होतो. हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाची मालमत्ता त्याच कायद्याने वाटली जाते. त्याला तो फारसा जाचत नाही. मुसलमान घरात जन्मून श्रद्धा सोडलेल्या स्त्रीला मात्र मुस्लिम वारसा कायदा जाचतो, कारण मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आणि मृत्युपत्राने देता येण्याजोगी मालमत्ता एक तृतीयांशच. केरळच्या अशा एका बाईंनी आपल्याला धर्मनिरपेक्ष वारसा कायदा लागू करावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तो प्रश्न विचारात घेतला. विशेष म्हणजे १८७२च्या विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. आज लग्नासाठी तसे लिहून द्यावे लागत नाही, पण ज्याला खरोखर तसे राहायचे आहे त्याच्यासाठी वारशाच्या कायद्यात सरळ दार नाही. गोवा याला बराचसा अपवाद. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे, आणि आई-वडिलांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी यांचा वाटा ठरवताना तो धर्म विचारत नाही.

दुसरी अडचण भावनांची. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणे हा १९२७ पासून गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेतले २९५-अ हे कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आले आहे. श्रद्धावंतांविरुद्ध द्वेष भडकवणाऱ्याला रोखायलाच हवे. पण देव नाही असे सभ्य भाषेत लिहिणाऱ्यालाही हे कलम दाखवले जाते, आणि रोज ‘नास्तिकाला नीती नसते’ असे ऐकणाऱ्याच्या भावनांचा त्यात विचार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली द्रविड चळवळीचे नास्तिक नेते पेरियार यांच्या पुतळ्याखालील देवविरोधी मजकुराविषयी निकाल देताना समतोल नेमका साधला: श्रद्धा बाळगणाऱ्याला जसा हक्क आहे तसा ती नाकारणाऱ्यालाही ते बोलून दाखवण्याचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट मोजणीची. २०११च्या जनगणनेत १२१ कोटी लोकांपैकी सुमारे ३३ हजारांनी आपण नास्तिक असल्याची नोंद केली, त्यांतले नऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वांत जास्त. आणखी सुमारे २९ लाख लोकांचा धर्म नोंदवलाच गेला नाही. प्रत्यक्षात नास्तिक याहून कितीतरी अधिक असावेत असे मला वाटते. घरातला कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो, प्रगणक आडनावावरून अंदाज बांधून रकाना भरतो, आणि ज्याने आपले मत घरी कधी बोलून दाखवले नाही तो त्या रकान्यात कायमचा बंद होतो.

२०२७ची जनगणना होईल तेव्हा प्रगणक तुमच्या दारात येऊन प्रत्येकाचा धर्म विचारील. कायद्याने त्याला खरे उत्तर द्यायला आपण बांधलेले आहोत. तुम्ही श्रद्धावंत असाल तर आपला धर्म अभिमानाने सांगा. घरातले कुणी, मग ती वीस वर्षांची मुलगी का असेना, ‘मला धर्म नाही’ म्हणाली, तर तिच्या वतीने परस्पर दुसरे काही लिहून देऊ नका. तिला स्वतः बोलू द्या, आणि तिने सांगितले तेच लिहिले गेले आहे ना, ते पाहून घ्या.